अंदाजपत्रकात अंथरुणावरच्या माणसाची ओळ: ग्रामपंचायतीतून घरपोच शुश्रूषेचा खर्च कसा बसवायचा

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात मी पहिल्यांदा भांडून एक ओळ घालून घेतली, ती अशी होती: 'ज्येष्ठ नागरिकांसाठी उपक्रम, ५०,००० रुपये.' ओळ आली म्हणून मी खूश. फेब्रुवारी संपेपर्यंत त्या पैशाला कोणी हात लावला नाही आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यातून ब्लँकेटं आली. कोकणात, मार्चमध्ये, ब्लँकेटं! शाळेच्या पडवीत वाटप झालं, फोटो निघाले. वरच्या वाडीतल्या ज्या आजीसाठी मी भांडले होते ती फोटोत नव्हती, कारण ती आठ महिने अंथरुणातून उठलीच नव्हती. तिच्या वाटणीचं ब्लँकेट शिपायाने घरी नेऊन दिलं. घरच्यांनी ते दुमडून तिच्या पाठीखाली घातलं, तेवढाच त्याचा उपयोग.

चूक माझीच होती. 'उपक्रम' या शब्दात काहीही बसतं आणि ज्यात काहीही बसतं त्यात शेवटी सगळ्यात सोपं तेच बसवलं जातं. आपल्या पंचायतींना 'काम' समजतं. पाखाडी (डोंगरावरची पायऱ्यांची वाट), गटार, संरक्षक भिंत: अंदाजपत्रक करा, काम करा, मोजमाप पुस्तकात लांबी-रुंदी टाका, बिल काढा, संपलं. म्हाताऱ्या माणसाची अंघोळ कधीच संपत नाही. उद्या परत करावी लागते. तिची लांबी-रुंदी नसते, पण तास असतात. ते तास मोजून अंदाजपत्रकात घातले, तर ती ओळ मार्चमध्ये ब्लँकेटात जात नाही. तासांपासून ठरावापर्यंत कसं जायचं, ते पुढे सांगते.

हे आपल्याकडे आधी का लागणार

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती, २०११ला १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही ८,६८,८२५ची ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे कमी झाले. त्याच २०११मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. जाणता माणूस यातून काय ते ओळखतो: कमावते हात मुंबई-पुण्याला, मागे घरात दोन म्हातारी माणसं, किंवा एकच. गणपतीत आणि शिमग्यात घर भरतं. बाकी दहा-अकरा महिने रात्री कोण उठून पाणी देणार, हा प्रश्न मनीऑर्डरीने सुटत नव्हता आणि गुगल पेनेही सुटत नाही.

आपल्या किनाऱ्याच्याच खालच्या टोकाला, केरळात, हे पंचायतींनी करून दाखवलं आहे. तिथे २००८मध्ये राज्याचं परिहार सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचं), धोरण आलं. त्याआधीपासून उत्तर केरळात लोकवर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर चालणारी घरभेटीची पथकं होती. धोरणानंतर पंचायतींनी आपल्या वार्षिक योजनेत घरभेटीच्या शुश्रूषेचा प्रकल्प घालायला सुरुवात केली: प्रशिक्षित परिचारिका, गाडी, मलमपट्टीचं सामान. केरळच्या पंचायती आपल्यापेक्षा मोठ्या आणि पैशाने भक्कम, हे खरं. पण घरभेट पंचायतीच्या योजनेत बसते, एवढं तिथे सिद्ध झालं आहे.

'हे आरोग्य खात्याचं काम, आपलं नव्हे,' असं सभेत कोणीतरी म्हणेलच. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. त्यात आरोग्य व स्वच्छता आहे, दिव्यांगांच्या कल्याणासह समाजकल्याण आहे आणि दुर्बल घटकांचं कल्याणही आहे. उत्तर एवढंच द्या आणि पुढे चला, वाद वाढवू नका.

पहिली पायरी: वय मोजू नका, अडलेली कामं मोजा

साठीच्या वरचे किती, हा आकडा मतदारयादीतूनही मिळतो आणि तो जवळजवळ निरुपयोगी आहे. आमच्याकडे ८२ वर्षांचे एक काका अजून शिडी लावून नारळ मोजतात आणि ५८ वर्षांचा एक भाऊ अर्धांगवायूने पडून आहे. विचारायचं ते सहा कामांचं: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणं. यातलं कुठलं काम दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाही? शिवाय दोन प्रश्न: दिवसा घरात कोण असतं? आणि रात्री?

आशाताईंना बरोबर घ्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म त्या भरतात त्यात साठीच्या वरच्यांसाठी अशाच अडचणींचे प्रश्न आहेत, म्हणजे अर्धी यादी त्यांच्या पिशवीत तयार असते. पण त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. सर्वेक्षण ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) बायकांनी करावं, आशाताईंनी घर दाखवावं.

ओटीवर बसून विचारलंत तर एकच उत्तर मिळतं: "आमचा बरा चाललाय, बाय." चहा येतो, पोहे येतात आणि खरी गोष्ट माजघरात राहते. आत जा. अंथरुणाखालचं मेणकापड बघा. घरच्यांना विचारून, माणसाची लाज राखून, माकडहाड आणि टाचा बघा. तिथे लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडत नसेल, तर जखम सुरू झाली. एका घरी मी उंबऱ्यातच ओळखलं होतं, वासावरून. चादर स्वच्छ होती. सत्तरीतल्या नवऱ्याने ती त्या सकाळी दुसऱ्यांदा धुऊन परत घातली होती. त्याचं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं. म्हणून सांगते, करणाऱ्याचीही नोंद करा: वय काय, रात्री झोप किती, आजारी पडला तर पाठीमागे कोण.

यादी तीन गटांत पाडा. पहिला गट अंथरुणाला खिळलेल्यांचा. दुसरा, घरात फिरतात पण अंघोळ-संडासला हात लागतो अशांचा. तिसरा, एकटे किंवा दोघंच राहणारे, अजून स्वतःचं करतात, पण कोणीतरी डोकावायला हवं अशांचा.

दुसरी पायरी: माणसांचे तास करा

इथे वेळ घालवा, पुढचं सगळं यावर उभं आहे. एक नमुना गाव घेऊ. आकडे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही घाला. पहिल्या गटात ६ जण, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात ४०.

अंथरुणावरच्या माणसाला अंग पुसणं, कपडे-चादर बदलणं, तोंड धुणं, पाठीला हवा, जखम असेल तर पट्टी: शिकलेल्या बाईला घाई न करता एक तास लागतो. महिन्याचे २६ दिवस धरा. ६ गुणिले २६ म्हणजे १५६ तास. दुसऱ्या गटाला आठवड्यातून तीनदा, एकेक तास, महिन्याला १२ भेटी: १४ गुणिले १२, १६८ तास. तिसऱ्या गटाला आठवड्याला २० मिनिटांची एक भेट: ५३ तास. बेरीज ३७७.

आता चढण. मुंबईत बसून केलेल्या कुठल्याच तक्त्यात ही नसते. कोकणातली वाडी डोंगराच्या कुशीत, घरापर्यंत रिक्षा नाही, चिऱ्यांच्या पायऱ्या आणि पावसात त्यांच्यावर शेवाळ. चालण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे. डोंगरउतारावरच्या गावात एकूण तासांच्या चौथा हिस्सा वर धरा, इथे ९४ तास. बंदराजवळच्या खारवीवाड्यात घरं एकमेकांना चिकटून असतात, तिथे दहावा हिस्साही पुरतो. एकूण ४७१ तास.

एक बाई दिवसाला पाच तास, महिन्याला २५ दिवस काम करू शकते: १२५ तास. यापेक्षा जास्त लादू नका, तिलाही भातलावणी आहे, घर आहे. चार जणी म्हणजे ५०० तास. वरचे २९ तास आजारपण, माहेरपण आणि पाऊस खातात.

तासांचा हिशेब मांडल्याचा खरा फायदा भांडणात कळतो. "दोन बायका पुरे," असं सरपंच म्हणाले, तर "नको, चार हव्यात" असं म्हणत बसायचं नाही. "मग कोणाच्या घरी जायचं नाही ते तुम्ही सांगा," असं म्हणायचं आणि यादी पुढे सरकवायची.

तिसरी पायरी: तासांचे रुपये करा

मानधन ठरवताना 'सेवाभाव' हा शब्द कोणी काढला की सावध व्हा. तो शब्द नेहमी बायकांच्याच कामाला चिकटतो. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर पाच तासांचे तिच्याच हिशेबाने १९५ रुपये होतात. माती उचलण्यापेक्षा माणूस उचलायला कमी पैसे असू नयेत, म्हणून २०० धरू. एका बाईचे महिन्याला ५,०००. चौघींचे वर्षाला २,४०,०००.

यानंतर डायपरचा धक्का बसतो. मोठ्या माणसाचा डायपर एका नगाला ३५ रुपये धरा, दिवसाला तीन. सहा जणांचे महिन्याला १८,९०० आणि वर्षाला २,२६,८००. चार बायकांच्या मानधनाइतकाच खर्च कचऱ्यात, आणि तो कचरा गावात कुठे टाकायचा हा वेगळाच प्रश्न. आम्ही मार्ग काढला तो जुनाच: दिवसा जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि खाली मेणकापड, रात्रीपुरता एक डायपर. पण पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत. चुलीच्या वर दोरी बांधून वाळवावी लागतात आणि त्यांना धुराचा वास लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर डायपर जास्त धरा. अंदाजपत्रकात ऋतू घालायला लाजू नका.

इतका पैसा पहिल्या वर्षी कुठलीच छोटी पंचायत काढणार नाही. मला ते कळायला एक वर्ष गेलं. म्हणून पहिल्या वर्षासाठी छोटा आकडा करा, पण तोही तासांवरच. पहिल्या गटातल्या सहापैकी एका घरी धडधाकट सून आहे, तिथे दिवसाआड जा: १४३ तास. दुसऱ्या गटाला आठवड्यातून एकदा: ५६ तास. चढण धरून जेमतेम २४९. दोन बायकांचे २५० तास होतात, म्हणजे बसलं, पण वरचे तास शिल्लक नाहीत, हे लक्षात ठेवून दोन राखीव बायकाही शिकवून ठेवा. तिसऱ्या गटाकडे वाडीतल्या गटातल्या बायका आळीपाळीने डोकावतील.

वर्षाचा चालू खर्च असा येतो:

दोघींचं मानधन १,२०,०००
तीन गरजू घरांना रात्रीचे डायपर ३७,८००
साबण, हातमोजे, गॉज, मलम: सहा जणांना महिन्याला ६०० प्रमाणे ४३,२००
रिक्षाभाडं १५,०००
एकूण २,१६,०००
पावसाळा आणि अडीनडीसाठी दहा टक्के २१,६००
चालू खर्च २,३७,६००

एकदाच लागणारा खर्च वेगळा लिहा: पाठ उचलता येणारे दोन पलंग ३०,०००, चाकाच्या खुर्च्या तीन २१,०००, चार कमोडच्या खुर्च्या १०,०००, सहा वॉकर ७,२००, हवेच्या दोन गाद्या ६,०००, रक्तदाब आणि साखर तपासायची यंत्रं ५,०००. झाले ७९,२००. प्रशिक्षण २०,०००. भाव तुमच्या तालुक्याच्या दुकानातून लेखी घ्या, ते दरपत्रक पुढे लागतंच.

हवेच्या गादीबद्दल एक. ती पंपावर चालते. आपल्याकडे वीज गेली की ती हळूहळू बसते आणि माणूस थेट फळीवर येतो. गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, असा समज घरच्यांचा होतो. दर दोन तासांनी कूस बदलणं गादी असली तरी चुकत नाही. सामान देताना हे तोंडाने सांगा आणि पलंगाशेजारी कागदावर लिहून लावा.

चौथी पायरी: कुठला पैसा कशाला

बहुतेक प्रस्ताव इथे पडतात. चालू खर्च आणि एकदाचा खर्च वेगळा लिहायला सांगितलं ते यासाठीच.

वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६पर्यंत, ग्रामपंचायतीच्या अनुदानाचे ६० टक्के बंधित होते: पाणी आणि स्वच्छता. ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. पण अबंधित असले तरी पगार आणि आस्थापना खर्चाला त्यातून मनाई. मानधन तिथे घातलंत की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. म्हणून अबंधितमधून फक्त सामान मागा, ते ७९,२०० रुपये. आता सोळाव्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (आपले कालपरवापर्यंतचे ग्रामसेवक) वाचून घ्या आणि मगच शीर्ष लिहा. आणखी एक गोष्ट: ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवलेल्या आराखड्यात जे नाही त्यावर हा पैसा खर्चता येत नाही. मागाहून आठवलं, असं चालत नाही.

स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती, यात्रेची जागा, गाळेभाडं वगैरे. नमुना गावाचं स्वउत्पन्न ९ लाख धरू. त्यातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं बंधनकारक आहे: ४५,०००. १० टक्के महिला व बालकल्याणासाठी: ९०,०००. प्रशिक्षणाचे २०,००० या दुसऱ्यातून सरळ निघतात, कारण शिकणाऱ्या गावच्याच महिला आहेत.

दिव्यांग निधीचं मात्र एक त्रांगडं आहे. तो दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्यालाच मिळतो. पक्षाघाताने पडलेला माणूस ४० टक्क्यांच्या वर दिव्यांग आहे हे आंधळ्यालाही दिसेल, पण तपासणीला त्याला जिल्ह्याच्या गावी न्यायचं कसं? खुर्चीला बांबू बांधून पाखाडी उतरायची, मग रिक्षा, मग दोन तासांची गाडी आणि तिथे रांग. म्हणून आराखड्याच्या सभेतच दुसरा ठराव करा की तालुक्याला तपासणी शिबिर घ्यावं, आणि दिव्यांगांचं सरकारी कार्ड नसलेल्यांची यादी त्याला जोडा. कार्ड हातात आलं की त्या घरांचे डायपर आणि औषधपट्टी ४५,०००मध्ये बसते.

कुटुंबांचा वाटा. हा विषय काढताना माझी जीभ अडखळायची. आता अडखळत नाही. वीस घरांपैकी आठ घरांत मुलगा-मुलगी बाहेर बऱ्यापैकी कमावतात. त्यांना महिना हजार रुपये जड नाहीत, उलट त्यांना विश्वासाचं माणूस हवंच असतं. आठ घरांचे वर्षाचे ९६,००० होतात, पण धरा ७२,०००. सगळे देत नाहीत आणि सगळे महिने देत नाहीत. मासेमारीच्या घरांत १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या काळात दारात जाऊ नका. बागायतदारांकडे आंब्याचे पैसे आले की मे अखेरीस, चाकरमान्यांकडे गणपतीत. प्रत्येक रुपयाची पंचायतीची सामान्य पावती फाडा. हातात घेतलेला पैसा, कितीही चांगल्या हेतूने घेतलेला असो, गावात वर्षभर पुरेल इतकी चर्चा देतो.

राहिलेले १,२०,६०० रुपये सर्वसाधारण स्वनिधीतून. स्वउत्पन्नाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. जड आहे, नाही असं मी म्हणणार नाही. दोन वाटा आहेत. एक, शेजारच्या एक-दोन पंचायतींनी मिळून राखीव बायका, सामान आणि प्रशिक्षण वाटून घ्यायचं. दुसरी, थकलेली घरपट्टी. कुलूपबंद घरांची थकबाकी नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) आणि मागणी नोंदवही समोर ठेवून काढा. आमच्याकडे ती काढली तेव्हा सगळे गप्प झाले. गणपतीच्या पाच दिवसांत मंदिराजवळ टेबल टाकून, "तुमच्या आईच्या शेजारणीला बघायला माणूस नेमतोय," एवढं सांगितलं की लोक मागची पट्टीही भरतात.

काय धरायचं नाही तेही सांगते. ग्राम आरोग्य, पोषण समितीचा वर्षाचा निधी जास्तीत जास्त १०,०००, तो डासांपासून खाऊपर्यंत सगळीकडे लागतो, त्यावर डोळा ठेवू नका. सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड पाच लाखांपर्यंतचं आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी अंघोळ घालायला त्याचा उपयोग नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० एकदाच मिळतात, त्यातून काठी, चष्मा, कमरेचा पट्टा येतो. तो अर्ज भरून द्या, पण अंदाजपत्रकात धरू नका. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे महिन्याचे पैसे हे त्या माणसाचे आहेत, पंचायतीचं उत्पन्न नव्हे. ते तुमच्या हिशेबात ओढायचा मोह सभेत कोणाला तरी होतोच.

पाचवी पायरी: सभा आणि ठरावाची भाषा

आराखड्याची लगबग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. तुमची यादी आणि तास त्याआधी, गणपती आटोपल्यावर पितृपक्षात तयार हवेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. हा विषय पहिल्यांदा तिथे मांडा. ग्रामसभेत पाखाडीवाले, पाण्यावाले, मंदिराच्या सभामंडपवाले सगळे आवाज चढवून असतात, आणि अंथरुणावरचं माणूस सभेला येत नाही. महिला सभेत मात्र निम्म्या बायकांच्या घरी कोणीतरी पडलेलं असतं. तिथून ठराव मंजूर होऊन आला की ग्रामसभेला तो टाळता येत नाही.

ठरावात 'उपक्रम', 'कल्याण', 'इत्यादी' हे शब्द येऊ देऊ नका. आमचा दुसऱ्या वर्षीचा ठराव, इथे नमुना गावाचे आकडे घालून, साधारण असा होता:

"सोबतच्या यादीतील २० व्यक्तींना दरमहा २५० तास घरपोच शुश्रूषा देण्यासाठी सन अमुकच्या अंदाजपत्रकात २,३७,६०० रुपयांची तरतूद स्वतंत्र लेखाशीर्षाखाली करण्यात यावी. सेवा गावातील महिला ग्रामसंघाकडून करारावर घेण्यात यावी. दरमहा दिलेल्या तासांचा तक्ता मासिक सभेपुढे ठेवण्यात यावा. ही तरतूद ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय अन्यत्र वळवू नये."

यादी ठरावाला जोडा, पण सभेत मोठ्याने वाचू नका. कोणाला लघवीवर ताबा नाही हे गावाला ऐकवायचं कारण नाही. यादीत नावाऐवजी क्रमांक आणि वाडी लिहा, नावांची वही सेविकेकडे बंद राहू दे.

ग्रामसंघाशी करार का, थेट नेमणूक का नाही? पंचायतीने बाई नेमली की ती कर्मचारी, मग आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), भविष्य निर्वाह निधी, आणि पुढचा सरपंच आला की तिला काढण्याचं राजकारण. करारात सेवा विकत घेतली जाते, तासांवर बिल येतं. पण ग्रामसंघाने बायकांना पूर्ण पैसे दिले की नाही हे पंचायतीने बघितलं पाहिजे. पैसे थेट बाईच्या खात्यात जावेत, अशी अट करारातच घाला.

यानंतर आराखड्यातली वस्तू ई-ग्रामस्वराजवर, आणि चालू खर्च नमुना १च्या अंदाजपत्रकात. दोन्हीकडे गेलं का ते स्वतः डोळ्यांनी बघा. आमचं एकदा पलंग चढले आणि मानधन राहिलं. सहा महिने दोन नवे पलंग पंचायतीच्या खोलीत खोक्यात पडून होते, आणि एकावर कोणीतरी निवडणुकीची पोस्टरं रचली होती.

सहावी पायरी: पहिले सहा महिने तग धरणं

वरचा पैसा एप्रिलमध्ये येत नाही. हप्ता कधी पडेल ते देव जाणे, आणि सेवा एक महिना थांबली तर जखम होते. म्हणून एप्रिल ते सप्टेंबरचं मानधन, म्हणजे ६०,०००, स्वनिधीत आधी बाजूला ठेवा. सामान उशिरा आलं तरी चालतं, बाई उशिरा आली तर चालत नाही.

उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडून आठवड्याचा एक दिवस लेखी ठरवून घ्या, जखमा आणि औषधं त्यांनी बघायची. शुश्रूषा करणाऱ्या बाईने काय करायचं नाही, तेही कागदावर: नळी बदलायची नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, स्वतःच्या मनाने गोळी द्यायची नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे, परिहार सेवेचाही आहे. फिजिओथेरपिस्टचा तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला दिवस, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं जिल्हा रुग्णालयात मिळणं, या मागण्या जिल्ह्याच्या वार्षिक आरोग्य आराखड्यात जातात. पंचायतीने तिथे पैसे घालायचे नाहीत, ठरावाची प्रत पाठवायची आणि पाठपुरावा करायचा.

प्रत्येक उशाशी एक शंभर पानी वही ठेवा. बाईने तारीख, आल्याची-गेल्याची वेळ आणि केलेलं काम लिहायचं, घरच्या कोणीतरी सही किंवा अंगठा द्यायचा. आमच्या एका वहीत आजोबांनी सहीच्या जागी रोज एक चांदणी काढली आहे, आणि ज्या दिवशी बाई आली नाही त्या दिवशी रिकामा गोल. सोळा जुलैपासून तीन गोल सलग आहेत. पऱ्ह्याला पूर होता, साकव वाहून गेला होता. पुढच्या आराखड्यात साकवाची मागणी करताना ते पान जोडलं, आणि शुश्रूषेच्या तासांत पावसाळ्यापुरता चालण्याचा हिस्सा चौथ्याऐवजी तिसरा धरला.

डिसेंबरनंतर लक्ष पुनर्विनियोजनावर ठेवा, नमुना २. शिल्लक दिसली की ती दुसरीकडे वळवण्याचा विषय मासिक सभेत गुपचूप येतो, बहुतेक 'आयत्या वेळच्या विषयात'. त्या दिवशी वह्यांची बेरीज घेऊन बसा: इतके तास ठरले, इतके झाले, राहिलेले या तीन महिन्यांत या घरांत जाणार. शिल्लक खरोखरच असेल, तर ती दुसऱ्या गटाच्या भेटी आठवड्याला एकावरून दोन करण्यात घाला आणि तसा ठराव त्याच सभेत करून घ्या.